ईस्टरच्या सोमवारची हजेरी

मार्ला पावलाक शिंकायला घाबरायची. शिंक येतेय असं वाटलं की ती हातातलं काम टाकून दोन्ही हातांनी ओटा घट्ट धरायची, डोळे मिटायची आणि शिंक निघून जाईपर्यंत तशीच उभी राहायची. गेल्या उन्हाळ्यात एका शिंकेनं तिची बरगडी मोडली होती. तिला रक्ताचा कर्करोग होता, हाडं आतून पोखरणारा. दर चार आठवड्यांनी दवाखान्यात जाऊन शिरेतून औषध घेतलं की तो निजून राहायचा. न्यूमोनिया झाला म्हणून डॉक्टरांनी एक खेप पुढे ढकलली आणि तेवढ्यात तो जागा झाला.

"एकच चुकली गं," ती बोट वर करून म्हणायची. "एका खेपेला एक बरगडी. दोन चुकल्या तर काय मागेल कोण जाणे."

मिल्वॉकीच्या दक्षिण भागात तिचं दुमजली घर. खाली ती, वर भाड्यानं मी. मागचा जिना दोघींत एकच, त्यामुळे तिच्या स्वयंपाकघरातलं बोलणं मला वर ऐकू यायचं आणि माझं तिला. औषधानं गुंगी यायची म्हणून दवाखान्याच्या दिवशी तिची गाडी मी चालवायची. या आजाराबद्दल डॉक्टर सोडून फक्त मला माहीत होतं. नवरा कधीच गेला होता. मुलगा फौजेत, पार जपानला. त्याला ती फोनवर सांगायची, "सांधे धरलेत रे, थंडीनं."

कारखान्यात तर तिनं ओठ शिवूनच घेतले होते.

झिमर ब्रश कंपनी. डेअरीतल्या दुधाच्या नळ्या आतून घासायचे लांब दांड्यांचे ब्रश तिथे बनतात. ऑर्डर घेणं आणि माल रवाना करणं हे मार्लाचं काम. लग्न झालं त्या वर्षापासून ती तिथे. कामाला माणसं सगळी मिळून तीस. आणि तिथेच सगळी पंचाईत होती. इथे आजारपणाचा विमा नोकरीसोबत मिळतो, हप्ता मालक आणि कामगार मिळून भरतात. विमा कंपनी मालकाला आजारी माणसाचं नाव सांगत नाही. फक्त कळवते की तुमच्याकडे कुणाचा तरी फार मोठा खर्च येतोय, हप्ता वाढेल. मोठ्या कंपनीत 'कुणाचा तरी' हा शब्द हजारांत हरवून जातो. तीस माणसांत तो जेवणाच्या खोलीत येऊन बसतो. लागोपाठ दोन वर्षं हप्ता वाढला, प्रत्येकाच्या पगारातून जास्त कापलं जायला लागलं आणि तो कोण, याचा शोध सुरू झाला.

"गसच असणार," नॅडीन म्हणायची. नॅडीन म्हणजे हिशेब आणि पगार बघणारी. हप्त्याचं पत्र पहिल्यांदा तिच्याच टेबलावर पडायचं. "पोट बघा त्याचं."

"हे पोट बिअरचं आहे," तारेच्या मशीनवरचा गस म्हणायचा. "याचा खर्च मी रोख भरतो."

"मग जो कोणी असेल त्यानं निदान आठवड्यातून एकदा डोनट तरी आणावेत. आमच्या पैशांवर जगतोय म्हटल्यावर."

सगळे हसायचे. मार्लाही हसायची, इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती दर वर्षी पोलिश बेकरीतून सगळ्यांसाठी पौंच्की, म्हणजे जॅम भरलेले पोलिश डोनट, आणायची. यंदा नॅडीन खोका उघडून ओरडली, "सापडली गं बाई, हीच ती!" पुन्हा हशा. मार्लानं खोका पुढच्या माणसाकडे सरकवला.

नॅडीनच्या मुलीच्या दातांना तारा लावायच्या होत्या. जास्तीच्या कपातीमुळे ते यंदा राहून गेलं होतं. नॅडीन हे सांगायला लागली की मार्ला सँडविचच्या कडा कुरतडत बसायची.

मी तिला एकदा म्हटलं होतं, "सांगून मोकळी हो. आजारी आहे म्हणून कुणी काढू शकत नाही. कायदा आहे तसा."

"कायदा आहे," ती म्हणाली. "आणि जेवणाची खोलीही आहे. मला जेवायचंय त्या खोलीत."

फेब्रुवारीत मालकानं सगळ्यांना एकत्र बोलावून सांगितलं की जुलैपासून कंपनीला विमा देणं झेपणार नाही. मालक म्हणजे अर्व झिमर. वय अठ्ठ्याहत्तर, एका कानात यंत्र, चारचौघांत टोपी काढून बोलणारा माणूस. त्या दिवशी टोपी हातात धरून तो म्हणाला, "दोन वर्षं ओढलं. आता नाही ओढवत."

मार्ला घरी आली ती थेट मागच्या जिन्यानं वर माझ्याकडे. अंगातला कोटही काढला नव्हता.

"जुलै," ती म्हणाली. "जुलैला मी उघडी पडणार."

छप्पन्नाव्या वर्षी, मोडक्या हाडांनिशी, तिनं नोकरी शोधायला सुरुवात केली. आणि मिळवलीही. शाळेच्या बसगाड्यांच्या डेपोत, चालकांना वायरलेसवरून रस्ते सांगायचं काम. बसून करायचं आणि विमा चांगला. मुलाखतीला तिनं गालाला लाली लावली, जिना चढताना कठड्याला हात लावला नाही आणि खुर्चीतून उठताना कण्हायचं राहिलं म्हणून घरी येऊन स्वतःचीच पाठ थोपटली.

आता दोन नोकऱ्यांच्या मध्ये फट राहता कामा नये, एवढंच उरलं. नव्या ठिकाणचा विमा नोकरीला लागल्यानंतरच्या महिन्याच्या एक तारखेला सुरू होणार होता. जुन्या ठिकाणचा नियम असा की महिन्यात एक दिवस जरी कामावर हजर असलात तरी तो सबंध महिना विमा चालू. मार्लानं मुहूर्त काढावा तसा शेवटचा दिवस काढला: सोमवार, एक एप्रिल. त्या एका दिवसाच्या हजेरीवर अख्खा एप्रिल जुन्या विम्यात जाणार. मंगळवारी डेपोत रुजू व्हायचं, मेपासून नवा विमा. औषधाची खेप एप्रिलच्या मध्यावर होती. मधल्या भिंतीला तडासुद्धा नव्हता.

रीतीप्रमाणे दोन आठवडे आधी तिनं अर्वला सांगितलं. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "घराजवळ पडतं." कारण खोटं होतं. डेपो चांगला लांब होता.

मग आला गुड फ्रायडे. दुपारी अर्वनं समोरच्या खानावळीतून सगळ्यांसाठी तळलेला पर्च मासा मागवला; सोबत बटाट्याची धिरडी, कोबीची कोशिंबीर, राय ब्रेड. मार्लाच्या निरोपाचं जेवण. हे सगळं तिनं मला नंतर इतक्या वेळा सांगितलं, प्रत्येकाचा आवाज काढून, की मी तिथे नव्हते हे मलाच खरं वाटत नाही.

अर्व टोपी काढून उभा राहिला. "मी भाषण करणार नाही," तो म्हणाला, म्हणजे भाषण होणार हे सगळ्यांना कळलं. "मार्लाला तुम्ही सगळे ओळखता. तिनं एक ट्रक कधी चुकीच्या गावी पाठवला नाही."

"एकदा पाठवला होता," गस म्हणाला.

"ते गाव चुकीच्या जागी होतं. बोलू दे मला. ऑर्डरी कमी आहेत, सोमवारी ईस्टरचा दुसरा दिवस. मी ठरवलंय, सोमवारी कारखाना बंद. सगळ्यांना पगारी सुट्टी. आणि ही सुट्टी मार्लाच्या नावानं. मार्ला, तुझा आज शेवटचा दिवस. सोमवारचे पैसे तुला मिळतील. घरी आरामात बस, हॅम खा."

टाळ्या पडल्या. कुणीतरी टेबल बडवलं.

"नको हो, अर्व," ती म्हणाली. "मी येते ना सोमवारी."

"येऊन काय कुलूप बघत बसशील?"

"नाही, म्हणजे, माझी आवराआवर राहिली आहे थोडी."

"कसली राहिली आहे?" नॅडीन म्हणाली. "तुझं टेबल इतकं स्वच्छ आहे की त्यावर ऑपरेशन करता येईल. मी शेवटची तारीख आजचीच टाकलीय. तिमाही संपतेय, मलाही बरं पडेल. चावी दे बघू."

इकडच्या माणसाला कुणी काही देऊ केलं की तो दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं ते. मार्ला दोनदा नको म्हणाली होती. तिसऱ्यांदा नको म्हणायला कारण द्यावं लागतं. तीस तोंडं तिच्याकडे बघून हसत होती आणि तिच्याजवळचं कारण त्या तीस जणांच्या पगारातून कापलं जात होतं.

"किती चांगले आहात हो तुम्ही," ती म्हणाली आणि चावी काढून दिली.

मी खिडकीतून पाहिलं तेव्हा तिची गाडी घरासमोर उभी होती, इंजिन बंद, आणि ती आतच बसलेली. बराच वेळ झाला तशी मी खाली गेले. मांडीवर चांदीच्या कागदात गुंडाळलेला उरलेला मासा होता.

"काय झालं?"

"त्यांनी मला सुट्टी दिली," ती म्हणाली. "एप्रिल गेला माझा."

स्वयंपाकघरात येऊन तिनं दवाखान्याच्या विमा विभागाला फोन लावला. आवाज बदलून, नाकातून.

"एका मैत्रिणीसाठी विचारायचं होतं. तिची नोकरी या महिन्यात संपतेय आणि पुढच्या महिन्यात तिचं औषध आहे. मग काय होतं?"

"मैत्रिणीला सांगा, कोब्रा घ्यायचा," पलीकडची बाई म्हणाली. फोन स्पीकरवर होता. कोब्रा म्हणजे नोकरी सुटल्यावर जुनाच विमा आपल्या खिशातून चालू ठेवायची सोय. मालकाचा वाटाही आपणच भरायचा. मार्लाचा निम्म्याहून जास्त पगार त्यात जाणार होता.

"ती भरेल," मार्ला म्हणाली. "घर गहाण टाकेल. पण मग औषध मिळेल ना वेळेवर?"

"कागद जाऊन, मंजूर होऊन, आमच्या संगणकाच्या पडद्यावर दिसायला काही आठवडे जातात कधी कधी. मागच्या तारखेपासून धरतात तो, पैसे बुडत नाहीत. पण आमच्या पडद्यावर विमा बंद दिसला की फार्मसी औषध तयार करत नाही. इतकं महाग औषध करून ठेवलं आणि माणसाचा विमाच नाही, असं नको ना."

"मग?"

"मग खेप पुढे ढकलतो. एखादा महिना. हे नेहमीचंच आहे, मैत्रिणीला म्हणावं घाबरू नकोस."

"सांगते तिला," मार्ला म्हणाली. फोन ठेवला आणि तिला शिंक येतेय असं वाटलं. तिनं ओटा धरला. मी तिच्या पाठीमागे हात पसरून उभी राहिले, जणू मला ते हाड धरता आलं असतं. शिंक आली नाही. ती तशीच वाकलेली राहिली.

"एखादा महिना," ती ओट्याशी बोलली.

शनिवारी दुपारी चर्चमध्ये टोपल्यांना आशीर्वाद द्यायचा असतो. हॅम, सॉसेज, अंडी, किसलेलं तिखट हॉर्सरॅडिशचं मूळ आणि लोण्यात घडवलेलं कोकरू टोपलीत मांडून बायका रांगेत उभ्या राहतात आणि पाद्री पाणी शिंपडत जातो. नॅडीन तिथे येणार हे मार्लाला माहीत होतं. मला टोपली धरायला बरोबर नेलं, कारण तिला जड उचलवत नसे.

नॅडीन मुलीला घेऊन आली होती. तेरा-चौदा वर्षांची पोर, हसताना ओठ मिटून घेणारी.

"काय गं, सुट्टीवाली," नॅडीन म्हणाली. "कोकरू विकतचं की हातचं?"

"विकतचं. नॅडीन, ऐक ना. ती शेवटची तारीख. सोमवारची केली तर?"

"का?"

"असंच. एक तारीख बरी वाटते. गोल."

"एकोणतीस काय चौकोनी आहे?" नॅडीन हसली. मग हसू थांबवून तिनं मार्लाकडे नीट पाहिलं. "अर्वनं दिलेली सुट्टी तुला पुरली नाही का? आणखी काय हवंय?"

"काही नाही गं."

"कारखाना बंद असताना तू हजर होतीस असं मी कसं लिहू? खोटं लिहिलं तर माझी नोकरी जाईल. जुलैनंतर विमा नाही, निदान पगार तरी राहू दे." तिनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "हिचे दात तर असेच म्हातारे होणार, त्या अमक्याच्या कृपेनं."

पाण्याचे थेंब आले. नॅडीननं क्रूसाची खूण केली. मार्लाला हात वर करवेना.

रविवारी ती माझ्याकडे हॅमची ताटली घेऊन आली, माझ्यासमोर बसली आणि स्वतः काहीच खाल्लं नाही.

"लोक म्हणतात ना, आजारी माणूस शेवटी मरणाला घाबरेनासा होतो," ती म्हणाली. "मी घाबरते. रोज घाबरते. अंघोळ करताना घाबरते, की साबणावरून पाय घसरेल. माझ्या आईच्या वयाची व्हायचंय मला, इतकीच हाव आहे. आणि मी तोंड उघडलं तर सगळं सुटेल, आणि तोंड उघडायलाच घाबरतेय. बघ कसली मूर्ख बाई."

"अर्वला सांग."

"त्याला सांगू की तुमचा कारखाना ज्यानं धुऊन नेला तो माणूस मी?"

ती हॅमचे बारीक बारीक तुकडे करत राहिली, एकही तोंडात न घालता. मग म्हणाली, "बायको गेल्यापासून त्याला घरी बसवत नाही. सुट्टीच्या दिवशीही एक फेरी मारतो कारखान्यात. उद्या मला घेऊन चल."

सोमवारी सकाळी आम्ही कारखान्याच्या आवारात गाडी लावली. आकाश मळलेल्या फडक्यासारखं, तळ्यावरून बोचरा वारा. मार्लानं कामाचे कपडे घातले होते, डबा घेतला होता. दाराला कुलूप. अर्वची गाडी नव्हती.

अकरा वाजले. तो आला नाही. काचा वाफेनं धुरकटल्या, मी पुसत राहिले.

"मुलीकडे गेला असेल, मॅडिसनला," मार्ला म्हणाली. थोड्या वेळानं, "पडला असेल घरात. या वयात पडतात." मग, "आला नाही तर हा दिवस संपेल, आणि मी इथे होते हे कुणालाही कळणार नाही."

"फोन कर त्याला."

"फोनवर नाही जमणार मला. तोंडावर एकदाच जमेल."

बारा वाजून गेले. तिनं डब्यातलं सँडविच अर्धं करून मला दिलं, आपलं तसंच परत गुंडाळून ठेवलं.

एकच्या पुढे अर्वचा ट्रक वळणावर दिसला. तो उतरला आणि टोपी मागे सारून आमच्या काचेत वाकला.

"मार्ला. तुला मी घरी बसायला सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"मग?"

ती उतरली. मीही उतरले, ती पडेल या भीतीनं.

"आणि ही कोण?"

"माझ्या वरच्या मजल्यावरची," मार्ला म्हणाली. "अर्व, तो खर्च माझा आहे."

"काय?" त्यानं कानाचं यंत्र चाचपलं.

तिला ते परत म्हणावं लागलं, मोठ्यानं, मोकळ्या आवारात. "विम्याचा खर्च. दोन वर्षांचा. तो माणूस मी आहे. मला कर्करोग आहे, हाडं पोखरणारा. दर महिन्याचं औषध आहे. आजच्या तारखेला मी कामावर नसेन तर या महिन्याचं मिळणार नाही."

अर्वनं टोपी काढली, परत घातली. त्याच्या चेहऱ्यावर दया दिसेल असं मला वाटलं होतं. आधी आला तो राग.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "दोन वर्षं मी रात्री जागून त्या माणसाला शिव्या घातल्या. देवासमोरसुद्धा. आणि रोज सकाळी तू मला कॉफी आणून दिलीस."

"हो."

"तुझ्यामुळे विमा बंद केला असं मी म्हणणार नाही. पण बेरीज मी केली आहे, मार्ला. ती माझ्या डोक्यातून काढता येत नाही."

"माहीत आहे मला."

"तू मला शुक्रवारी सांगायचं होतंस. मी तुला भेट म्हणून काय दिलं आणि तू 'किती चांगले आहात' म्हणालीस." त्यानं खिशातून किल्ल्या काढल्या. "हसत म्हणालीस. मी घरी गेलो आणि स्वतःवर खूश होतो, सबंध संध्याकाळ."

मार्ला रडत नव्हती. फक्त दोन्ही हातांनी गाडीचं दार धरून उभी होती, ओटा धरते तशी.

अर्व कुलपाशी गेला. पाठमोराच म्हणाला, "खोटा दिवस मी लिहिणार नाही. माझ्या बापानं लिहिला नाही, मीही नाही लिहिणार."

मी गाडीची चावी खिशातून काढली.

"खरा दिवस दे मला," तो म्हणाला आणि दार ढकललं. "शेबॉयगनच्या डेअरीची ऑर्डर पडून आहे. आठ तास. आत्तापासून मोजणार. हिला ब्रश मोजता येतात का?"

"शिकेल," मार्ला म्हणाली.

घड्याळाच्या यंत्राशेजारच्या फळीवरून तिचं हजेरीचं कार्ड काढून टाकलेलं होतं. अर्वनं नवं कोरं कार्ड घेतलं, तिचं नाव लिहिलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं ते फटीत सरकवलं. खटका वाजला तशी ती दचकली.

रात्रीपर्यंत आम्ही तिघं त्या थंड शेडमध्ये ब्रश मोजून खोक्यांत भरत होतो. खोकं उचलायची पाळी आली की अर्व पुढे व्हायचा आणि "सरक" एवढंच म्हणायचा. एकदा त्यानं विचारलं, "दुखतं का?" ती म्हणाली, "आज जास्त." तो एक स्टूल घेऊन आला, आदळल्यासारखं ठेवलं आणि परत गेला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही. त्यानं आपल्या डब्यातलं हॅम तिघांत वाटलं आणि मोहरी संपली म्हणून कुरकुर केली.

निघताना मार्ला म्हणाली, "नॅडीनला सांगाल?"

"सांगावं लागेल. तारीख का बदलली ते ती विचारेल. मी तिला काय सांगू, गोल आकडा?"

म्हणजे चर्चमधलं बोलणं त्याच्या कानावर गेलं होतं. मार्ला मान खाली घालून म्हणाली, "सांगा. सगळ्यांनाच सांगेल ती मग."

"सांगेलच," अर्व म्हणाला.

मंगळवारी डेपोतून पहिला दिवस भरून ती आली तेव्हा चेहरा उतरलेला, पण उभी होती. "चालक मला आत्ताच मावशी म्हणायला लागलेत," ती म्हणाली. एवढ्यात फोन वाजला. नॅडीन. मार्लानं तो स्पीकरवर टाकला आणि माझं मनगट धरलं.

"तारीख बदलली आहे," नॅडीन म्हणाली. "एक एप्रिल."

"थँक यू, नॅडीन."

"हाडांत असतो म्हणे."

"हो."

"मी डोनटचं बोलले होते."

"सगळेच बोलत होते."

"मी जास्त बोलले." मग तीच म्हणाली, "मला राग येतोय अजून, मार्ला. मुलीकडे बघितलं की येतो. तुझ्यावर नाही, पण तुझ्यावरच. मला कळत नाही काय म्हणावं."

"काही म्हणू नकोस."

"बरं," नॅडीन म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर चर्चमध्ये ती मान हलवते. जवळ येत नाही.

एप्रिलच्या मध्यावर मी मार्लाला दवाखान्यात घेऊन गेले. पहिल्या दिवसापासून ती रोज फोन करून विमा चालू दिसतो का हे विचारत होती आणि रोज हो म्हणत होते, तरी त्या सकाळी तिनं नाश्ता केला नाही. खिडकीमागच्या मुलीनं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली आणि बोटं कळांवर चालवायला लागली. मग थांबली. पडद्याकडे बघत राहिली. मार्लानं काउंटरची कड धरली. तिच्या नखांतलं रक्त गेलेलं मला दिसलं.

"यंत्र हळू चालतंय आज," मुलगी म्हणाली. "हां, आलं. चालू आहे."

"पुढच्या महिन्यात नवा विमा आहे माझा," मार्ला म्हणाली. "तोही दिसेल ना असाच? मध्ये काही बंद नाही ना पडणार?"

मुलगी चांगली होती. तिनं खरंच पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं.

"आजचं सांगू शकते मी, मॅडम," ती म्हणाली. "आज चालू आहे."

आत नर्सनं खुर्ची मागे झुकवली. मार्लानं बाही वर केली, दंड पुढे केला आणि पिशवीतून पहिला थेंब नळीत उतरेपर्यंत डोळे मिटले नाहीत.